कुमुद, सुनावणीला मी एकटीच गेले

कुमुद, तुला जाऊन आज पंचवीस दिवस झाले आणि मी अजून तुझ्यावर रागावलेलीच आहे. लोक म्हणतात, गेलेल्या माणसावर राग धरू नये. धरलाही नसता, पण आपलं भांडण अर्धवट राहिलं होतं, आणि अर्ध्या भांडणातून उठून जायची तुझी कधीच रीत नव्हती. ती माझी होती. मी दार आपटून निघायचे आणि तू मागून ओरडायचीस, "चपला तरी नीट घाल, पडशील!" या वेळी मात्र तूच निघून गेलीस, आणि मला ओरडायलासुद्धा वेळ दिला नाहीस.

काल आपल्या अर्जाची सुनावणी झाली. हैदराबादेतल्या, हिमायतनगरच्या तुझ्या घराच्या खालच्या मजल्यावर दिव्यांग मोठ्या माणसांना काम शिकवायचं केंद्र चालवू द्यायचं की नाही, याची. मी एकटीच गेले. काय झालं ते सांगते, पण क्रमाने सांगू दे. शाळेच्या ऑफिसात तीस वर्षं कारकुनी केली आहे मी, फाईल मधूनच उघडलेली मला चालत नाही.

आपली तर ओळखच भांडणाने झाली. जामबागच्या आमच्या शाळेत तू तुझ्या दाखल्याची नक्कल मागायला आली होतीस. जेवणाची सुट्टी होती, मी डबा उघडून बसले होते. "दोन वाजता या," म्हटलं. तू समोरच्या बाकावर ऐसपैस बसलीस आणि म्हणालीस, "जेवा सावकाश. वांग्याची भाजी दिसतेय. पुरेल का दोघींना?" असली आगाऊ बाई मी जन्मात पाहिली नव्हती. जुनी रजिस्टरं काढायला चार दिवस लागतील असं सांगून तुला वाटेला लावलं, तर चौथ्या दिवशी नेमका रविवार, आणि तू थेट माझ्या दारात! शिपायाकडून पत्ता काढलास. "दाखला घरी आणला असेल असं वाटलं," म्हणे. शाळेचं दप्तर कोणी घरी आणतं का, बाई?

नारायणगुड्याच्या माझ्या घरी तेव्हा कोणी येत नसे. मी येऊ देत नसे, असं म्हण. तू आलीस तेव्हा मी न्हाणीत होते आणि दार दिगूने उघडलं. दिगंबर, माझा धाकटा भाऊ. आई गेल्यापासून त्याचं सगळं माझ्याकडे. तेव्हा तो चाळिशीचा होता. मी तुला नंतर म्हटलं, "अंगाने बाप्या झालाय, डोक्याने आठ वर्षांचा आहे." तू मला तिथल्या तिथे झापलंस. "आठ वर्षांचं पोर चाळीस वर्षं जगलेलं नसतं. चाळीस वर्षांचाच आहे तो." शाळेत माझ्या एकाही सहकाऱ्याला माहीत नव्हतं की मला भाऊ आहे. संक्रांतीला तिळगूळ द्यायला कोणी आलंच, तर मी दिगूला मागच्या खोलीत रेडिओ लावून बसवायचे आणि बाहेरून कडी घालायचे. हो, कडी. तुला हे मी कधी सांगितलं नाही, आज सांगते.

त्या रविवारी त्याने तुला बसवलं, पाणी दिलं. तू त्याला विचारलंस, "आपण काय करता?" जसं कोणालाही विचारतो तसं. मी केस पुसत बाहेर आले तेव्हा तो तुझ्याकडे बघत गप्प उभा होता.  दिवेलागणीला माझ्याजवळ आला आणि म्हणाला, "ताई, मी काय करतो?"

"घरी असतोस ना."

"ते नाही. मी करतो काय?"

मला तुझा इतका संताप आला म्हणून सांगू! शांत घरात येऊन ही बाई काय पेरून गेली, असं झालं. दुसऱ्या दिवशी तू दाखल्यासाठी आलीस तेव्हा मी तुला तेच बोलले. तू ऐकून घेतलंस आणि म्हणालीस, "बरोबर विचारतोय की तो. उत्तर शोधू या."

उत्तर शोधायला आपल्याला तीन वर्षं लागली. मी निवृत्त झाले आणि तू खालचे भाडेकरू गेल्यावर परत कोणी ठेवलं नाहीस. सुलतान बाजारातल्या कापडाच्या दुकानांतून तू चिंध्यांची गाठोडी आणायचीस, रिक्षावाल्याशी तेलुगूत हुज्जत घालत. त्यांच्या पिशव्या. दोन शिलाई मशिनी, एक लांब टेबल, आणि अकरा माणसं. कोणाचे हात थरथरतात, कोणाला ऐकू येत नाही, कोणाला एकच गोष्ट दहादा सांगावी लागते. दिगूला तू नाडी ओवायचं काम दिलंस. सेफ्टी पिन नाडीला अडकवायची आणि नेफ्यातून सरकवत सरकवत पलीकडून काढायची. पहिली पिशवी पुरी करायला त्याला अख्खा आठवडा लागला. आता तो बोलता बोलता ओवतो. कोणी विचारलं तर सांगतो, "मी नाडीवाला आहे." एवढं त्याच्याजवळ आहे, कुमुद, आणि ते तुझ्यामुळे आहे. हे तुझ्या तोंडावर मी एकदाही म्हटलं नाही. तुझी स्तुती करायची म्हणजे तू डोक्यावर बसणार, ही भीती.

मग महापालिकेची ती नोटीस आली. रहिवासी वस्तीत असं केंद्र चालवायचं तर जागेच्या वापराची परवानगी लागते, ती घेतली आहे का? घेतली नव्हती. लागते हेच आपल्याला ठाऊक नव्हतं. दोन महिन्यांत अर्ज करा, शेजाऱ्यांची हरकत नाही असं लेखी आणा, नाहीतर बंद करा. तू नोटीस वाचून चहा टाकलास. मी रात्रभर जागी. अकरा माणसं परत आपापल्या घरी भिंतीकडे बघत बसणार, आणि माझा भाऊ परत येऊन मला विचारणार, ताई, मी काय करतो?

सह्या गोळा करायची तुझी शक्कल मात्र झकास होती. संक्रांत तोंडावर होती. "हळदीकुंकू करू. सगळ्या गल्लीला बोलावू," तू म्हणालीस.

"तू विधवा, मी बिनलग्नाची. कुंकू लावणार कोण?"

"येऊ तर देत. लावणारी सापडेल."

आणि सापडली. समोरच्या सुभद्राम्मा आल्या, पाच मिनिटं बघत राहिल्या, मग पदर खोचून उठल्या. "हटो, मैं लगाती," म्हणाल्या आणि कुंकवाची कोयरी हातात घेतली. त्यांच्यातही पसुपु-कुंकुम असतंच, त्यांना काय सांगायचं! तुझ्या कपाळाशी आल्यावर त्यांचा हात क्षणभर थांबला. मग त्यांनी तुलाही लावलं. तू किती तरी वेळ खाली बघत होतीस. ते मी पाहिलं होतं बरं का. विचारायचं राहून गेलं.

वाण म्हणून आपल्या माणसांनी शिवलेल्या पिशव्या. तिळाचे लाडू, आणि लाडवांच्या ताटाशेजारी सह्यांचा कागद. तेलुगू, मराठी, मारवाडी, कोपऱ्यावरच्या जहाँआरा आपा, सगळ्यांनी सह्या केल्या. कागदावर कुंकवाची बोटं उमटली. मी तो कागद प्लास्टिकच्या फोल्डरात घालून, क्रमांक टाकून, आवक-जावकच्या थाटात ऑफिसात नेला. काउंटरवरच्या माणसाने एकेक नाव वाचलं, मग घरांच्या नोंदी उघडल्या आणि म्हणाला, "मेडम, ये साइनां नै चलते. घर किसके नाम पे है, उनका साइन होना."

तीस सह्यांपैकी चालणाऱ्या मोजून दोन. बाकी सगळी घरं नवऱ्यांच्या नाहीतर सासऱ्यांच्या नावावर! ज्या बायका त्या घरांतलं मीठमोहरीपासून सगळं बघतात, त्यांच्या सहीने घराला काडीचा फरक पडत नव्हता. आणि मी! "पालकाची सही आहे का?" असं तीस वर्षं दरडावून विचारणारी बाई, माझ्या डोक्यात आलं नाही. हात दाखवून अवलक्षण. मला तिथेच धरणी दुभंगावी असं झालं, आणि तू? तू ऑफिसच्या पायऱ्यांवर बसून हसत सुटलीस. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "शालू, आपल्या दोघींनाच नवरे नाहीत, म्हणून आपल्या लक्षात आलं नाही गं!" मग मलाही हसू आलं. लोक बघत होते. तशी मी नंतर हसलेले नाही.

मग पुरुषांच्या मागे लागलो. रोज संध्याकाळी दोन दोन घरं. सह्या झाल्या, एक सोडून. सुभद्राम्मांचे यजमान, शेषगिरीराव. बँकेतून निवृत्त, रोज अंगणात खुर्ची टाकून बसणारे, एक शब्द न बोलणारे. त्यांनी सही तर केली नाहीच, उलट लेखी हरकत घेतली. गल्लीची शांतता, गाड्या, सुरक्षितता. सुनावणीची तारीख लागली आणि तोवर केंद्र बंद ठेवायचा हुकूम आला. दिगू घरी बसला. रोज सकाळी अंघोळ करून, केस विंचरून दाराशी उभा राहायचा आणि मी त्याला माघारी बोलवायचे.

आता त्या भांडणावर येते.

ऑफिसबाहेर अर्ज लिहून देणारा एक म्हातारा बसतो. त्याने मला सल्ला दिला, हा अर्ज मागे घ्या आणि ट्यूशन क्लास म्हणून नवा टाका. गल्लीत तीन आहेत, चौथा कोण बघतंय? दिव्यांग हा शब्दच नको. मला ते पटलं. धावत तुझ्याकडे आले. तू तेव्हा पाटीचा मजकूर लिहीत बसली होतीस. परवानगीचा पत्ता नाही आणि हिची पाटी तयार! "दिव्यांग प्रौढांसाठी व्यवसाय प्रशिक्षण केंद्र", हाताएवढ्या अक्षरांत, तेलुगूत आणि खाली मराठीत.

मी म्हटलं, "झाकली मूठ सव्वा लाखाची, कुमुद."

"मूठ झाकून पिशवी शिवता येत नाही."

"शब्दाने काय फरक पडतो? काम चालल्याशी मतलब."

"मग फाटकाला ती हिरवी जाळी का बांधतेस? मी सोडते, तू परत बांधतेस. तीन वर्षं बघतेय मी."

"धूळ येते म्हणून."

"धूळ," तू म्हणालीस. मग पेन खाली ठेवलंस. "दिगूची लाज शेषगिरीरावांना नाही वाटत, शालू. तुला वाटते."

मी काय काय बोलले ते तुला आठवत असेल. तुला पोटी असं लेकरू असतं म्हणजे कळलं असतं, हेही बोलले. तुझी लेक रेवती हुशार, पुण्यात बसून पगार मोजते, तुला काय जातंय पाट्या रंगवायला.  मी दार आपटून निघाले. त्या दिवशी तू चपलांचंही म्हणाली नाहीस.

आठ दिवस मी आले नाही. तू दोनदा फोन केलास, मी उचलला नाही. नवव्या दिवशी दुपारी अनोळखी नंबर आला म्हणून उचलला. सुभद्राम्मा होत्या. तुझा नंबर असता तर उचलला नसता. हे मी रोज स्वतःला सांगते, आणि दिवसातून किती वेळा ते विचारू नकोस.

रेवती आली, सगळं तिने केलं. गुणी पोर आहे गं. मी तिच्याबद्दल बोलले ते तिला कळलं तर तोंड दाखवायची नाही मी. जाताना मला म्हणाली, "मावशी, खालचा मजला केंद्रालाच. मी लिहून दिलंय. आईचा अर्ज तुम्ही चालवा." आणि कागद माझ्या हातात ठेवला. घरात मी, दिगू आणि तो कागद. तुझ्या घराची किल्ली माझ्याकडे आहे, पण या पंचवीस दिवसांत मी एकदाही गेले नाही. संध्याकाळ झाली की पाय आपसूक हिमायतनगरकडे वळतात, चौकापर्यंत जाते, भाजी घेते आणि परत येते. कोणाशी बोलावं? शाळेतल्या बायकांना मी घरापासून इतकं लांब ठेवलं की आता त्या खरंच लांब गेल्या. या एवढ्या मोठ्या हैदराबादेत मला "शालू" म्हणणारं माणूस उरलेलं नाही. दिगूची मी ताई, बाकी सगळ्यांची मॅडम.

तर काल. छोटी खोली, लांब टेबल, पंखा. अधिकारी बाई रेवतीच्याच वयाच्या. एका बाजूला शेषगिरीराव, इस्त्रीचा शर्ट घालून, फाईल घेऊन. दुसऱ्या बाजूला दोन खुर्च्या, त्यांतल्या एकीवर मी. बोलायचं नेहमी तू, कागद काढून द्यायची मी, असं आपलं ठरलेलं. मी उत्तर पाठ करून गेले होते. संस्थेची कार्यवाह, मूळ अर्जदाराच्या निधनामुळे, वगैरे. बाईंनी कागद चाळले, वर बघितलं आणि अगदी साधं विचारलं, "मीरु एवरु, अम्मा?" तुम्ही कोण?

पाठ केलेलं सगळं गेलं. मी म्हटलं, "ना तम्मुडु." माझा धाकटा भाऊ. "माझा भाऊ आहे तिथे. दिगंबर. सेहेचाळीस वर्षांचा. त्याला नाडी ओवता येते. केंद्र बंद झालं तर त्याला काही करता येणार नाही." माझ्या मोडक्यातोडक्या तेलुगूत. जन्मात पहिल्यांदा मी चारचौघांत म्हटलं की तो माझा भाऊ आहे, आणि ऐकायला तू नव्हतीस. बाजूची खुर्ची रिकामी होती. मी सारखी तिकडेच बघत होते.

शेषगिरीराव माझ्याकडे वळले. तीन वर्षांत पहिल्यांदा. "तुमचा भाऊ? मला वाटलं, तुम्ही पगारी बाई आहात. त्याच्याबरोबर येता, पण चार पावलं पुढे चालता." मग अधिकाऱ्यांना म्हणाले, "फाटकाला जाळी, खिडक्यांना पडदे. मोठमोठी माणसं आत नेतात आणि झाकून ठेवतात. मी विचारणार कोणाला? काहीतरी लपवण्यासारखं असेल म्हणून मी हरकत घेतली."

ऐकलंस? झालं समाधान? तू म्हणाली होतीस ते शब्दाशब्दाने खरं निघालं, आणि सांगितलं कोणी, तर त्या माणसाने. केंद्रावर संकट आणलं ते मी. माझ्या हाताने बांधलेल्या जाळीने. मी त्यांना म्हटलं, "जाळी मीच लावली. मला लाज वाटत होती."  मग शेषगिरीरावांनी फाईल बंद केली. सिनेमातल्यासारखं त्यांचं मन वगैरे काही पालटलं नाही गं. पाच वाजता बंद करा, गल्लीत गाड्या लावू नका, फाटक उघडं ठेवा, एवढं लिहून द्या म्हणाले. मी लिहून दिलं. परवानगी मिळाली, कुमुद. सही, शिक्का, सगळं.

जिने उतरताना पर्समधून फोन काढला, तुझा नंबर लावला, आणि मग कळलं मी काय करतेय. तिथेच पायऱ्यांवर बसले. लोक बघत होते, बघेनात का.

एक गोष्ट अजून राहिली होती. दिगूला मी सांगितलंच नव्हतं. कुमुदताई पुण्याला लेकीकडे गेली आहे, असं पंचवीस दिवस सांगत होते. त्याला झेपणार नाही म्हणून, असं स्वतःला समजावत होते. काल घरी आले तर तो पलंगावर बसला होता. "कुमुदताई पुण्याहून कधी येणार?" रोजचा प्रश्न.

मी त्याच्यासमोर खुर्ची ओढली. म्हटलं, "दिगू, मी खोटं बोलले. कुमुदताई पुण्याला नाही गेली. ती वारली."

"आई वारली तशी?"

"हो."

"मग परत येत नाही."

"नाही येत."

 मला वाटलं आता रडेल, भिंतीवर डोकं आपटेल, आईच्या वेळी आपटलं होतं. त्याने माझ्या तोंडाकडे नीट बघितलं आणि विचारलं, "मग तू आता कोणाशी भांडणार?"

"कोणाशी नाही रे," म्हटलं, आणि मला रडू फुटलं. मोठ्याने. समोरच्या गच्चीवर बायका कपडे काढत होत्या आणि खिडकी उघडी होती. मी ती लावली नाही.